'रिंग जाते, पण आवाज येत नाही' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर. तुमची तक्रार अशी, की ॲस्टेरिस्कवर (फोन कॉल जोडणारं मोफत सॉफ्टवेअर) बसवून दिलेलं ब्राउझर कॉलिंग ऑफिसात चालतं, घरून मात्र रिंग जाते आणि आवाज दोन्हीकडे बंद. व्हिडिओ काळा येतो. शिवाय तीन महिन्यांनी सगळंच बंद पडलं. दोन स्टारबद्दल वाद घालत नाही, पण 'सॉफ्टवेअर फुकटचं म्हणून असं होतं' हे मात्र पटत नाही.

रिंग आणि आवाज वेगवेगळ्या वाटेने जातात. रिंग टीसीपी ८०८९ या पोर्टवरून (नेटवर्कचं क्रमांकित दार) वेबसॉकेटने, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीने येते आणि तुमच्या राउटरवर तेवढंच पोर्ट उघडं आहे. आवाज यूडीपी १०००० ते २०००० या पोर्टमधून जातो. ती रेंजही सर्व्हरकडे फॉरवर्ड करायला राउटरवाल्याला सांगा. एवढ्याने भागत नाही. सर्व्हर राउटरच्या मागे असल्याने ब्राउझरला स्वतःचा पत्ता १९२.१६८ वाला, म्हणजे फक्त ऑफिसच्या आत चालणारा देतो, आणि घरून तो सापडणार कसा? आरटीपीच्या (आवाज-व्हिडिओ वाहून नेणारी पद्धत) कॉन्फिग फाइलमध्ये 'आइस होस्ट कँडिडेट्स' या भागात आतला आयपी, बाण (=>), बाहेरचा स्टॅटिक आयपी अशी ओळ लागते. तिच्या शेवटी स्वल्पविराम देऊन 'इन्क्लूड लोकल ॲड्रेस' हा पर्याय जोडा, नाहीतर आतला पत्ता पुसला जातो आणि घरचं सुरू झालं की ऑफिसचं बंद पडू शकतं. बरेच जण इथेच फसतात.

त्याआधी एक बघून घ्या: राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला, तर इंटरनेटवाल्याने तुम्हाला अनेक ग्राहकांच्या सामायिक पत्त्यामागे ठेवलंय. मग पोर्ट कितीही उघडा, उपयोग शून्य. स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर सर्व्हर क्लाउडवर हलवा.

तीन महिन्यांचं कोडं सर्टिफिकेटचं. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारी फाइल) ९० दिवसांचं असतं. ते आपोआप बदलणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रॅमने नवं आणलं, वेबपेज नीट उघडतं, पण ॲस्टेरिस्क जुनंच धरून बसतो, म्हणून लॉगिन होत नाही. रिन्यूअलनंतरच्या हुकमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) 'कोअर रिस्टार्ट व्हेन कन्व्हीनियंट' टाका. चालू कॉल संपेपर्यंत तो थांबतो. सर्टिफिकेटची 'की' फाइल ॲस्टेरिस्कच्या युजरला वाचता येते ना, तेही तपासा, कारण ती मुळात फक्त रूटलाच (मुख्य ॲडमिनला) उघडते.

व्हिडिओबद्दल थोडक्यात: ॲस्टेरिस्क व्हिडिओचं कोडेक (चित्र दाबून पाठवायची पद्धत) बदलून देत नाही. ब्राउझर व्हीपी८ आणि टेबलावरचा फोन एच.२६४ बोलत असेल, तर चित्र येणारच नाही. दोन्ही एक्स्टेन्शनना एच.२६४ ठेवा.

पोर्ट उघडल्यावर घरून एक कॉल लावून ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'आरटीपी सेट डिबग ऑन' द्या. नुसत्या 'सेंट'च्या (पाठवलं) ओळी दिसल्या आणि 'गॉट' (मिळालं) एकही नसली, तर अडथळा बहुधा अजून राउटरवरच आहे. तो मजकूर आम्हाला सपोर्टवर पाठवा.