काय तोडनं शे?

डिसेंबरात सातपुड्यातल्या पाल गावाला दोन रात्री राहायचं ठरलं आणि कामांची वाटणी झाली. एकाकडे तंबू, एकाकडे स्टोव्ह, आणि ज्याचं सासर भरताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोदला त्याच्याकडे अर्थातच वांगी. माझ्या वाट्याला आलं ‘तोडायचं हत्यार’. घरातलं नेलकटर कुठं असतं हेही मला बायकोला विचारावं लागतं. पण ऑफिसात चहा पिताना मी एकदा बोलून गेलो होतो, “जंगलात माणूस एका चांगल्या कोयत्यावर जगू शकतो.” मोबाइलवर ऐकलेलं वाक्य. अमळनेरात असं बोललेलं कोणी विसरत नाही.

मग पंधरा दिवस रात्री बारापर्यंत पाती बघत बसलो. दक्षिण अमेरिकेतला मचेटी म्हणे लांब आणि पातळ. गवत, ऊस, कोवळ्या फांद्या सपासप, पण वाळल्या लाकडावर मारला की उसळी घेऊन परत येतो. मलेशियाकडचा परांग पुढून जड, त्यामुळे घाव आपोआप बसतो. नेपाळची कुकरी मध्येच वाकलेली, आखूड असून कुऱ्हाडीचं काम करणारी. स्टेनलेस गंजत नाही, पण कार्बन स्टीलला दगडावरही धार लावता येते. फक्त पुसून तेल लावायचा कंटाळा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड पाहिजे. हे सगळं मी शिपायाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, पगाराची स्लिप निघाली का?”

जड किती चालेल हे कळावं म्हणून लाटण्याला अर्ध्या किलोचं माप बांधून हॉलमध्ये हवेत वार करून पाहिले. तिसऱ्या वाराला माप सुटून टीव्हीच्या शेजारून गेलं. बायको स्वयंपाकघरात विळीवर गिलकी चिरत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. “विळी न्या माझी,” एवढंच म्हणाली.

बाजारात गेलो. दुकानदारानं काळ्या म्यानातला चकचकीत सुरा काढला. पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ, मुठीच्या टोकाला होकायंत्र, आत काड्या, गळ आणि दोरा. म्हणजे तापीकाठी वाट चुकलो तर मासे धरून जगायची सोय. पण मूठ पोकळ म्हटल्यावर पातं आत दोन बोटंच शिरलेलं असणार, पहिल्याच दणक्याला निखळणार. होकायंत्राची उत्तर दुकानाच्या गल्ल्याकडे होती. मी त्याला गल्ला उघडू न देता बाहेर पडलो.

त्यातच कोपऱ्यावरच्या निवृत्त हवालदारकाकांनी घाबरवलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार बाळगायला परवाना लागू शकतो. सूट आहे ती घरकामाच्या आणि शेतीच्या हत्यारांना. “तुझ्या नावावर शेत आहे का?” माझ्या नावावर फक्त स्कूटर आहे. रावेरच्या मामांना फोन करून सातबाऱ्याची झेरॉक्स मागितली. मामांनी आधी विचारलं, “कर्ज कुठून काढतोस?”

शेवटी चोपडा रोडला पाल टाकून बसलेल्या लोहाराकडे गेलो. समोर ट्रकच्या कमानीचे पाटे रचलेले. मी मोबाइल काढून परांगचा फोटो दाखवला, अखंड मुठीचं सांगितलं, पुढचं वजन सांगितलं. साडेआठ इंच, एक सूतही जास्त नको, हे दोनदा सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अहिराणीत विचारलं, “भाऊ, तोडनं काय शे?”

पंधरा दिवसांत हा प्रश्न मला कुठंच भेटला नव्हता. “जंगलमा जानं शे,” मी म्हणालो. “जंगलमा काय तोडशी?” मी गप्प. त्यालाच दया आली असावी. त्याची बायको उठली, घण उचलला, आणि लाल पाट्यावर दोघांचे ठोके असे एकाआड एक पडू लागले की मी लाटण्याचा प्रसंग मनातून पुसून टाकला. नंतर त्यानं धारेला पाणी पाजलं, पातं घासून उजेडात धरलं. पोलादावर रंग सरकत होता, पिवळा, मग तपकिरी, जांभळ्याच्या अलीकडे. तिथं त्यानं ते पुन्हा बुडवलं. कडक ठेवलं तर तुकडा उडतो, मऊ पडलं तर धार वळते. एवढं ज्ञान मी मोबाइलवर तीन तास घालवून मिळवलं होतं, त्याच्याकडे ते डोळ्यांत होतं. घासाघीस करायची लाज वाटली. तरी पन्नास रुपये कमी केलेच.

पालला पोचलो. हा सगळा भाग यावल अभयारण्याचा. नाक्यावर वनरक्षकानं पिशव्या बघितल्या आणि गोणपाटात गुंडाळलेला माझा परांग बाहेर काढला. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या शस्त्रांच्या यादीत चाकूही मोडतो. मी सातबारा पुढे केला. त्यानं तो उलटून पालटून वाचला. “मामांची केळी आहे का?” “हो.” “मग हे केळीत न्या, इथं काय तोडायचंय?” तोच प्रश्न, आता प्रमाण मराठीत. रजिस्टरात नोंद झाली: कोयता, एक, नवा.

दोन दिवसांत काही म्हणजे काही तोडायची वेळ आली नाही. मुक्काम गावात, वांगी भाजली ती बामणोदकरानं सोबत आणलेल्या कपाशीच्या काड्यांवर. कांद्याची पात चिरायला विळी होती. हो, बायकोचीच, तिनं न सांगता पिशवीत टाकली होती आणि नाक्यावर वांग्यांखाली ती कुणाला दिसली नाही.

परतताना कोयता सोडवला आणि घरी नेण्यापेक्षा वाटेत रावेरला मामांकडे ठेवून आलो. आता तो केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापतो. चिकानं काळा पडलाय आणि कायद्याच्या दृष्टीनं शंभर टक्के शेतीचं अवजार झालाय. परवा मामांचा फोन आला. पोलाद एक नंबर आहे म्हणाले, फक्त पुढून उगाच जड होता. गावातल्या लोहाराकडून तेवढा भाग घासून घेतला.