नवरोज मार्चात की ऑगस्टमध्ये?

नमस्कार. माझ्या नवरोजवरच्या लेखाबद्दल तुमचा आक्षेप असा, की पारशी नववर्ष ऑगस्टमध्ये येतं हे मुंबईत कुणीही सांगेल, मग मी २० मार्च कुठून काढला? आणि वर्ष भरदुपारी सुरू झालं, हे तर तुम्हाला मुळीच पटलेलं नाही.

ऑगस्टचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो खुलासा मी करायलाच हवा होता. आपल्याकडचे बहुतेक पारशी पाळतात ते शहेनशाही पंचांग बरोबर ३६५ दिवसांचं. त्यात लीप वर्षाचा जादा दिवस नाही, म्हणून दर चार वर्षांनी वर्षारंभ एक दिवस अलीकडे सरकतो. असा सरकत तो आज ऑगस्टच्या मध्याला आलाय. (पतेती मात्र त्याच्या आदल्या दिवशी, पश्चात्तापाची. आपण दोन्हींची सरमिसळ करतो.) मार्चमधला जमशेदी नवरोजही पारशी घरांत साजरा होतोच.

मी लिहिलं होतं ते इराणबद्दल. तिथे वसंतसंपाताच्या, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या, नेमक्या क्षणी वर्ष बदलतं. त्याला 'साल तहवील' म्हणतात. तेहरानच्या घड्याळात तो २०२३ साली रात्री १२:५४ ला आला, २०२४ साली सकाळी ६:३६ ला आणि २०२५ साली दुपारी १२:३१ ला. आपणही संक्रांतीचा पुण्यकाळ पंचांगात बघतोच की.

२०२५चा तो क्षण मी पुण्यात, एका इराणी विद्यार्थिनीच्या खोलीवर पाहिला. आपल्याकडे अडीच वाजलेले. सतरंजीवर कापड अंथरून 'स'च्या सात वस्तू मांडल्या होत्या: सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेरके म्हणजे व्हिनेगर... मधोमध सब्जे, म्हणजे ताटलीत रुजवलेला गहू. थेट आपल्या घटातल्या धानासारखा, फक्त भोवती लाल रिबीन. खाली रिक्षांचे हॉर्न चालू होते. शेवटच्या मिनिटाला ती बोलायची थांबली आणि आरशापुढच्या मेणबत्तीकडे बघत राहिली.

३१ डिसेंबरची मध्यरात्र देशोदेशी वेगवेगळ्या वेळी येते. हा क्षण मात्र सगळीकडे एकच, आणि मला त्याचंच अप्रूप वाटतं. तिची आई तेहरानला जेवणाच्या तयारीत होती. भाऊ लॉस एंजेलिसला, तिथे पहाटेचे दोन, तोही जागा. मोबाइलवरच्या प्रक्षेपणात तोफ वाजली तशी तिने आईला फोन लावला. चार वेळा लागला नाही. सगळेच त्याच क्षणी लावतात, ती म्हणाली, आणि पाचव्यांदा लावला.