गरिबाच्या हातातला मोबाईल एवढा का खुपतो?

आज सकाळी गेटवर एक काका भाजीवाल्या मावशींना म्हणाले, "रेशनचा तांदूळ खाता आणि हातात बारा हजारांचा मोबाईल!" मावशी हसून गप्प बसल्या. माझं मात्र दिवसभर डोकं फिरलंय.

१९९८ची गोष्ट. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन हजार जुड्या मेथी रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवली. तीन दिवसांनी ड्रायव्हरच्या हाती पट्टी, म्हणजे आडत्याकडचा विक्रीचा हिशोब, आली. उलटी! हमाली, आडत, गाडीभाडं वजा जाता १४० रुपये आम्हीच देणं लागत होतो. त्याच सकाळी पुण्यात मेथी कडाडली होती, हे मामाकडून कळलं पुढच्या आठवड्यात. आईने ती पट्टी घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली.

केरळातल्या तारली मासळी पकडणाऱ्या कोळ्यांचंही तेच. एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी समुद्रात ओतायची, आणि थोड्याच अंतरावरच्या बंदरावरून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत. १९९७नंतर तिथे मोबाईल आले आणि नाव कुठे लावायची ते समुद्रातूनच फोन करून ठरायला लागलं. केनियात २००७ला एम-पेसा आलं, मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय. (पेसा म्हणजे आपला पैसाच बरं का, शब्द समुद्र ओलांडून गेलाय.) नैरोबीत राबणारा पोरगा टपरीवर रोख भरतो, गावाकडे आईच्या साध्या बटणाच्या फोनवर मेसेज येतो आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे घेते. बँकेची पायरी चढावी लागत नाही. आणि आमचे काका विचारणार, यांना कशाला हवा!

हो, रील्स बघतात. माझ्या भाच्याने ऑनलाइन रमीत दोन पगार घालवलेत. मान्य. पुढे?

दादांनी २००४ला जुना फोन घेतला. बॅलन्स जाऊ नये म्हणून मामाशी खूण ठरलेली: एक मिस्ड कॉल म्हणजे थांब, दोन म्हणजे बायका लाव, मेथी उपट. पहाटे आम्ही चौघं चुलीपाशी त्या फोनकडे बघत बसायचो. एक वाजायचा. मग दुसऱ्याची वाट. आई तर चहा ओतायची थांबायची.

भाव कळला म्हणून मिळतोच असं नाही. मेथी थोडीच थांबते? उलट्या पट्ट्या नंतरही आल्या. पण तोडायच्या आधी निदान कळायचं हो!

संध्याकाळी मुद्दाम मावशींकडे गेले. कानाला तोच फोन. "शेकडा किती म्हणतोस? नको बाबा, पन्नासच जुड्या टाक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोथिंबीर घे ताई. उद्या महागणारे."