थिबा राजाच्या गावातून

निर्बंध आवळले की म्यानमारचे जनरल आपोआप लोकशाहीकडे वळतील, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. त्याच एप्रिलमध्ये आसियानच्या (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या) हिंसाचार थांबवण्याबाबतच्या पाच कलमांना लष्करप्रमुखांनी मान डोलावली होती. पुढे काय झालं? लष्कराच्या विमानांतून गावांवर बॉम्ब पडतच राहिले. दाब द्यायचाच तर विमानाच्या इंधनावर द्या. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही.

आम्ही रत्नागिरीकर. इंग्रजांनी हद्दपार केलेला ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये इथेच वारला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन (तेही माजी जनरलच!) त्याच्या समाधीवर आले, तेव्हा आमच्या आळीतले काका म्हणाले होते, "सुटला हो देश एकदाचा." नऊ वर्षंही टिकलं नाही.