पाणी टाका ताई, पाणी टाका

आज सकाळी साडेसहाला रास्पबेरीचं तिसरं आणि शेवटचं रोप उपटून हातात घेतलं, तेव्हापासून डोकं फिरून राहिलं आहे. मुळं तपकिरी, दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल सटकन निघून येते न आत नुसता दोरा उरतो, आणि खड्ड्यातून नालीसारखा वास. आठ दिवस झड लागली होती, त्याच्या आधी मी सकाळ-संध्याकाळ पाणी टाकत होती, मी माहेरी गेली तेव्हा शेजारचे काका पाइप सोडून ठेवत होते. बुडवून मारली आम्ही ती रोपं.

आणि कोणाच्या सांगण्यावरून? ज्यानं विकली त्याच्याच! पानं माना टाकायला लागली त्या दिवशी मी नर्सरीवाल्याला फोटो पाठवले, वरून फोन केला. त्यानं एक, एक प्रश्न विचारला नाही. माती ओली आहे का कोरडी? नाही विचारलं. दुपारी मलूल होऊन संध्याकाळी उठतात का पहाटेही तशीच लोंबतात? नाही विचारलं, आणि सगळं तर तिथंच कळतं ना, नवीन लावलेलं रोप दुपारच्या उन्हात कोमेजलं न रात्री ताजं झालं तर मुळं अजून धरायची आहेत एवढंच, पण सकाळी सहालाही मान खाली असेल तर मुळाशी काहीतरी बिघडलं आहे. हा म्हणतो, "पाणी कमी पडून राहिलं ताई, दोन-दोन मग टाका दोन्ही टाइम, टेन्शन नका घेऊ." साडेचारशेला एक अशी तीन रोपं घेतली बाप्पा, टेन्शन मी नाही तर कोण घेईन?

काल सांगितलं की दोन मेली, तर म्हणे नागपूरचं ऊन सहन नाही झालं त्यांना. अरे आठ दिवस ऊन होतं कुठं? छत्री घेऊन मी गेटपर्यंत जात होती! आणि विकताना हाच म्हणून राहिला होता की महाबळेश्वरला होते तर इथं काहून नाही होणार. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचावर, आपण जेमतेम तीनशेवर. रास्पबेरीला हिवाळ्यात शेकडो तास ७ डिग्रीच्या खालची थंडी पाहिजे, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत काही रात्री कडाक्याच्या पडतात न संपलं. फळ येणार नाही हे मला माहीतच होतं, पोट्टीला ते झाड पाहायचं होतं म्हणून घेतलं. पण जगलं तर असतं काही महिने! ते उन्हानं मेलं नाही, थंडी नव्हती म्हणूनही मेलं नाही, पाण्यानं मेलं.

खड्डाही त्यानंच सांगितलेला. दोन फूट खोल करा, लाल माती, शेणखत, कोकोपीट भरा. आमच्या अंगणात काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चप्पल काढून घेते. अशा मातीत खड्डा करून त्यात भुसभुशीत काही भरलं की तो हौद होतो, चहूकडचं पाणी त्यात येऊन बसते, झिरपायला जागाच नाही. मुळांना हवा नाही मिळाली की ती पाणी ओढणं बंद करतात, मग पानं अगदी तहानल्यासारखी लोंबतात, आणि ते पाहून आपण अजून पाणी टाकतो. बोट घाला ना मातीत! दोन पेरं बोट घालून पाहायला काय लागते? मीही नाही घातलं, याचाच तर जास्त राग आहे मला.

आणि हे नागपुरात व्हावं! काटोल, वरुडचा कोणताही संत्रावाला विचारा, खोडाशी पाणी थांबलं की डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, हे त्याला पाठ असते. माझे मामा झाडाभोवती दोन आळी करत, आतलं कोरडं न बाहेरच्यात पाणी, खोडाला पाणी लागूच द्यायचं नाही, वरून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची अख्खी केंद्रीय संशोधन संस्था आहे. डिंक्या आणणारी ती फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी जात, तिच्याच कुळातली दुसरी रास्पबेरीची मुळं कुजवते. ज्या गावाची ओळख संत्री, तिथं रोपं विकणाऱ्याला हे माहीत नसावं?

सोसायटीच्या ग्रुपचं तर बोलूच नका. फोटो टाकला की हळद टाका, दालचिनी टाका, ताक टाका, एप्सम सॉल्ट टाका. मागच्या वर्षी माझे टमाटे असेच गेले, महिनाभर ताक पाजलं, शेवटी उपटले तर मुळांवर गाठीच गाठी, सूत्रकृमी, मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे किडे. कोणी म्हटलं का आधी एक उपटून मुळं पाहा? नाही. आणि तो माळी, दर वेळी खोडाशी माती चढवून जातो, सांगून सांगून घसा बसला की बाबा, खोड उघडं ठेव, तो म्हणतो झाड पक्कं उभं राहते. लिंबाचा डोळा, म्हणजे कलमाचा जोड, मातीखाली गाडला त्यानं, कलम केलेल्या झाडाचा डोळा! दोनशे रुपये घेऊन!

काकांना मी काहीच बोलली नाही. पंचाहत्तरीचा माणूस, मायेनं टाकत होते, गुडघे दुखतात तरी पाइप ओढत होते. पण त्या नर्सरीवाल्याला सोडणार नाही. तिन्ही रोपं मुळांसकट पिशवीत घातली आहेत, संध्याकाळी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवते. पैसे नाही दिले तरी चालेल, ती मुळं त्यानं हातात घेऊन वास घ्यावा.

आणि आता दिसून राहिलं की बाजूची जास्वंदही सकाळपासून मान टाकून आहे. तिच्या खड्ड्यातही तेच भरलं होतं. फावडं घेऊन निघाली मी, मुरूम न कन्हान नदीची रेती मागवली आहे, फूटभर उंच गादीवाफा करून तिला आजच्या आज वर घेते.