आईचा डबा आणि २४ बाइट

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता शहाणा माणूस कूलरसमोर आडवा होतो. मी त्याच कूलरसमोर मांडीवर लॅपटॉप घेऊन सी भाषेतल्या कोडमधली मेमरीची गळती, म्हणजे मागून घेतलेली पण परत न केलेली मेमरी, शोधत बसलो होतो. "कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल, वाचायचा कोड आहे बे, चारशे ओळी. जेवणाआधी होऊन जाते," असं सीनिअर सकाळी म्हणाला होता. कोणत्या दिवशीचं जेवण, ते मी विचारायला हवं होतं.

डेनिस रिचींनी १९७२च्या सुमाराला घडवलेल्या या भाषेचा मेमरीबाबत नियम एकच आहे. मॅलॉक या फंक्शननं मेमरी मागून घ्यायची, काम झालं की फ्री या फंक्शननं परत करायची. आमच्या आईचा स्टीलच्या डब्यांबाबत हाच नियम. फक्त तिच्या डब्यांच्या बुडाला नाव कोरलेलं असतं.

पहिली गळती लवकर सापडली. फंक्शन फाइल उघडतं, बफर (ओळी ठेवायला मेमरीचा तुकडा) घेतं, ओळी वाचतं. एखाद्या ओळीत बरोबरचं (=) चिन्ह नसलं की तडक रिटर्न. बफर तसाच, फाइल उघडीच. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून उष्टं ताट टाकून पंगतीतून उठलेल्या जावयासारखं.

दुसरी बेरकी होती. सर्व्हरला सिगहप हा 'फाइल पुन्हा वाच' असा इशारा मिळाला की तो फाइल पुन्हा वाचतो, स्ट्रडपनं (हे फंक्शन मॅलॉककडून मेमरी घेऊन मजकुराची प्रत काढतं) होस्टच्या, म्हणजे मशीनच्या, नावाची नवी प्रत काढतो आणि पॉइंटर, म्हणजे पत्ता सांगणारं बोट, तिच्याकडे वळवतो. जुनी प्रत वाऱ्यावर. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम सगळं परत घेते हे खरं, पण सर्व्हर बिचारा महिनोन्‌महिने संपतच नाही.

व्हॅलग्रिंड हा गळती शोधणारा प्रोग्रॅम लावला. 'डेफिनिटली लॉस्ट', २४ बाइट. हा गृहस्थ मेमरी कुठल्या ओळीत घेतली ते सांगतो, कुठं हरवली ते सांगत नाही. खाली आणखी एक रकाना, 'स्टिल रीचेबल'.

"काय शोधून राहिला रे एवढं?" आईनं विचारलं.

"मेमरी हरवली."

"कोणाची?"

समजावून सांगितलं. तिला माझ्याआधी कळलं. "म्हणजे माझा पोळ्यांचा डबा. बाजूच्या काकूंकडे आहे, दिवाळीपासून. ठाऊक आहे, पण मागता येत नाही. आणि कडीचा छोटा कोणाला दिला, तेच आठवत नाही." दोन्ही रकाने दोन वाक्यांत. मॅन्युअलला इतकं जमलेलं नाही.

मग मी नवी प्रत घेण्याआधी जुनी फ्री केली आणि ऐटीत प्रोग्रॅम चालवला. पहिल्याच फाइलीला तो कोसळला: 'इनव्हॅलिड पॉइंटर'. होस्टच्या नावाची सुरुवातीची किंमत (व्हॅल्यू) कोडमध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेली होती. ती मॅलॉककडून आणलेलीच नव्हती, आणि मी निघालो होतो परत करायला! आता त्या किमतीचीही आधी स्ट्रडपनं प्रत काढणं आलं.

तेवढ्यात दार वाजलं. काकू डबा घेऊन आल्या होत्या, रिकामा कसा द्यायचा म्हणून आत संत्रा बर्फी घालून. त्या गेल्यावर आईनं बर्फी ताटलीत काढली, डबा उलटा केला, चष्मा लावून बुडाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अरे, हा तर आपला नोहेच!"