एकाच प्रश्नाची तीन उत्तरं

ब्रिटनमधल्या पोलिश स्थलांतरित बायकांना 'तुझ्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे काय?' असं विचारत, गप्पा मारत काढलेल्या चित्रांविषयी एक लेख वाचला. कल्पना छानच! फक्त लेखात सगळ्याजणी एकाच पिढीच्या वाटतात, ते खटकलं. पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीत वाढलेल्या बाईला पासपोर्ट घरी ठेवायचीही मुभा नव्हती, परदेशातून परतलं की तो सरकारजमा. तिची लेक १ मे २००४ नंतर, म्हणजे पोलंड युरोपीय संघात आल्यावर, नुसत्या ओळखपत्रावर ब्रिटनला पोचली (तिथे डिग्री गुंडाळून हॉटेलच्या खोल्या झाडल्या, ती गोष्ट वेगळी). आणि ऑक्टोबर २०२० मध्ये गर्भपाताचा कायदा आणखी आवळणारा निकाल आला, तेव्हा वॉर्सात रस्त्यावर उतरलेल्या मुलींचं उत्तर तिसरंच असणार.

आम्हा कोल्हापूरकरांना पोलिश बायका म्हटलं की शहराजवळचं वळिवडे गाव आठवतं. १९४३ ते ४८ तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका-मुलंच, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आलेली. त्यांतली बरीच पुढे ब्रिटनलाच गेली. चित्रांतल्या बायकांपैकी कुणाची आजी वळिवड्याला होती का, एवढं तरी विचारायला हवं होतं.